मनगटातली पांढरी रेघ

मशीन बिघडलं असावं, असं त्याला आधी वाटलं. माणसाचं असंच असतं. समोर नको ते दिसलं की पहिला दोष मशीनला. एक्स-रे विभागात निम्मं आयुष्य घालवलेला तो माणूस पडद्यापुढे बसून उजेड कमी कर, जास्त कर, चित्र मोठं कर, लहान कर, असा चाळा करत राहिला. चित्र डाव्या हाताचं होतं. पाच बोटं, तळहात, मनगट. आणि मनगटाशी, जिथे हाताची दोन लांब हाडं येऊन संपतात, तिथे दोन्ही हाडांच्या टोकांना खडूने ओढावी तशी एकेक जाड पांढरी रेघ.

हात त्याच्या मुलीचा होता.

"बाबा, झालं का? हलू का आता?" मिरीने आतल्या खोलीतून विचारलं.

"हल की. नाच हवं तर."

आवाज नेहमीसारखा निघाला याचं त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं. चित्राच्या कोपऱ्यात 'डावा' हे सांगणारं शिशाचं छोटं अक्षर उमटलं होतं. ते त्यानेच प्लेटवर ठेवलं होतं, दिवसातून कितीतरी वेळा ठेवायचा तसं. शिशातून किरण जात नाहीत, म्हणून ते अक्षर चित्रात पांढरंफटक येतं. हाडांच्या टोकांवरचं पांढरं तेवढं कडक नव्हतं, पण त्याच जातीचं होतं. नजर तयार झालेल्या माणसाला ते कळायला वेळ लागत नाही, आणि कळलं तरी मान्य करायला मात्र लागतो. त्याने पुन्हा उजेड कमी केला.

मिरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. सात वर्षांची झाली तरी पोर मिऱ्याच्या दाण्याएवढीच, आणि जिभेने तितकीच तिखट, म्हणून घरात सगळे तिला मिरी म्हणत. सुरुवातीला त्यात नुसतं कौतुक होतं. दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून बसतो, बूट झिजतात पण आखूड होत नाहीत, यावर घरात हसायचे. मग धाकट्या चुलतभावाने तिला उंचीत मागे टाकलं आणि हसणं जरा कमी झालं. काकू म्हणाली, काही मुली उशिरा वाढतात. मामा म्हणाला, आजीवर गेली आहे. आजी हयात नव्हती, त्यामुळे तिला विचारायची सोय नव्हती. मिरी दोन जिने चढली की मधल्या पायरीवर बसकण मारायची, आणि बाप खालून ओरडायचा, "महाराणी, पालखी पाठवू का?" मिरी म्हणायची, "पाठव!" दोघंही हसायचे. पोरीला धाप लागलेली असायची, तिच्या ओठांना रंग नसायचा, आणि बापाला तो आळस वाटायचा. पायही दुखायचे तिचे. आई तेल लावून चोळायची. वाढीच्या वयात दुखतातच पाय, असं सगळ्यांनी एकमेकांना सांगून टाकलं होतं. पण वाढ होत होती कुठे?

शेवटी मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी मनगटाचा एक्स-रे काढायला सांगितला. मनगटातली बारीक हाडं किती दिसू लागली आहेत त्यावरून शरीर किती वर्षांचं झालंय ते समजतं. बाई त्याच इस्पितळात खालच्या मजल्यावर बसायच्या. विभागातला जोडीदार म्हणाला, मी काढतो, तू बाहेर बस. याने ऐकलं नाही. माझ्या पोरीच्या हाताचा एक्स-रे मीच घेणार म्हणाला, आणि आता स्वतःच्या हाताने काढलेलं चित्र बघत स्वतःच बसला होता.

बाईंनी चित्र पाहिलं आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली. मनगट पाच वर्षांच्या मुलीचं म्हणून खपलं असतं, पण बाई मनगटाबद्दल बोलल्याच नाहीत. त्यांनी मिरीच्या पापण्या खाली ओढून बघितल्या, हिरड्या बघितल्या आणि रक्त तपासायला पाठवलं. अहवाल आला त्या दिवशी त्यांनी मिरीला बाहेर नर्सबरोबर बसवलं आणि नवराबायकोला आत घेतलं.

"शिसं आहे," बाई म्हणाल्या. "रक्तात खूप आहे. असायला मुळीच नको, तिथे खूप आहे."

"शिसं?" तो हसलाच. "बाई, शिसं तिच्या अंगात कुठून येणार?"

"ते मला तुम्ही सांगायचंय."

बायकोने विचारलं, "पण उंचीचा आणि शिशाचा काय संबंध?"

बाईंनी टेबलावरचा कागद उलटा केला आणि एक हाड काढलं. "हाड वाढतं ते असं टोकाशी. तिथे रोज नवीन बांधकाम चालू असतं. त्याला कॅल्शियम लागतं. शिसं शरीराला कॅल्शियमसारखंच वाटतं, शरीर फसतं आणि त्याच्या जागी हे बसवतं. ती पांढरी रेघ म्हणजे अडलेलं बांधकाम. दुसरं, शिसं रक्त धड बनू देत नाही. रक्तातला लाल भाग अंगभर प्राणवायू पोचवतो, तोच तिच्यात कमी झालाय. म्हणजे विटा खोट्या आणि वर मजूर उपाशी. घर उभं राहील कसं?"

"जिन्यावर बसते ती..." त्याच्या तोंडून निघालं.

"बसणारच. तिला श्वास पुरत नाही."

महाराणी, पालखी पाठवू का, हे शब्द त्याला आठवले आणि त्याची मान खाली गेली.

"पण निघेल ना हे?" बायकोने विचारलं.

"रक्तातलं काढता येईल, वेळ लागेल. उंचीही थोडीफार भरून येईल. हाडात जे मुरलंय ते मात्र वर्षानुवर्षं तिथेच राहतं." बाई क्षणभर थांबल्या, मग सांगून टाकलं. "पुढे कधी हाड मोडलं, मोठं आजारपण आलं, तर त्यातलं थोडं पुन्हा रक्तात उतरतं. मूल व्हायच्या वेळीसुद्धा. बाळासाठी आईची हाडं कॅल्शियम सोडतात, त्याबरोबर हेही सुटतं."

पोरीचे अजून दुधाचे दात पडत होते. काल पडलेला दात तिने बापाला दाखवायला काडेपेटीत जपून ठेवला होता. आणि इथे तिच्या कधीतरी होणाऱ्या बाळापर्यंत गोष्ट जाऊन पोचली होती.

"औषध आहे," बाई म्हणाल्या, "पण घरात शिसं चालू असताना ते दिलं तर उलटायची भीती. आधी ते कुठून येतंय ते शोधा. जुना रंग, नळ, भांडी, बॅटरीचं काम, काहीही. ती कशाला हात लावते, तोंडात काय घालते, ते बघा. तिच्या अंगात रक्त कमी आहे, तोवर शाळेची दगदग नको, तुमच्या नजरेसमोर ठेवा. संशय येईल त्या वस्तूचा नमुना आणा, आपण तपासून घेऊ."

शोधायला लांब जावं लागलं नाही, असं त्याला वाटलं. बायको घरी लाकडी खेळणी रंगवायची. चाकांवरचे पक्षी, भोवरे, छोट्या गाड्या. कारखान्यातून कोरी यायची आणि मागच्या गॅलरीत बसून ती त्यांच्यावर डोळे, पंख, खिडक्या काढायची. तिचा हात असा की पक्षी आत्ता उडेल असं वाटावं. गॅलरीभर डबे, कुंचले, चिंध्या. मिरी तिथेच बसून गृहपाठ करायची. इस्पितळातून येऊन त्याने घरात पाऊल टाकलं आणि त्याचा तोल गेला.

"तुझ्या या डब्यांनी माझ्या पोरीची हाडं खाल्ली!"

माझ्या पोरीची म्हणे. जिने नऊ महिने पोटात वाढवली, ती एका वाक्यात परकी झाली. बायको एरवी एकाला चार ऐकवणारी होती. त्या दिवशी तिने उलटून एक शब्द ऐकवला नाही. तिचा चेहरा पांढरा पडला, कारण तिलाही वाटेत तेच वाटलं होतं. तिने डबे उचलले. अर्धवट रंगवलेले पक्षी, एक पंख लाल आणि एक कोरा असे, पोत्यात भरले. बाई नमुना मागत होत्या, याची तिने आठवण करून दिली, तर तो म्हणाला, "त्यात तपासायचं काय राहिलंय? सगळं उचल, कारखान्याला परत दे, आज." ती देऊन आली. मग तिने ब्रशने नखं घासली. नखांतला रंग निघेना तेव्हा आणखी घासली, रक्त आलं तरी घासतच राहिली.

त्यानंतर तिने मिरीला समोर बसवून घेतलं, तिचे दोन्ही हात हातात धरले आणि सांगितलं, "बाळा, माझ्या रंगांतलं वाईट काहीतरी तुझ्या तोंडातून पोटात गेलं, म्हणून तू वाढत नाहीयेस. माझी चूक झाली. मला माफ कर." मिरी म्हणाली, "बरं. मग ते पक्षी गेले का सगळे?" ते गेले म्हटल्यावर ती रडली. बाप दारात उभा राहून हे सगळं ऐकत होता. त्याला वाटलं, शिक्षा झाली ती बरी झाली. पुढे कितीदा त्याला हे आठवलं आणि भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं.

मग धुलाई सुरू झाली. त्याचाच हुकूम होता. पडदे, चादरी, अभ्रे, मिरीचे कपडे, बाहुल्या, सगळं उकळत्या पाण्यातून निघालं. बायको ओल्या फडक्याने जमिनी पुसायची, दिवसातून दोनदा. गॅलरीच्या खिडकीची चौकट तिने इतकी घासली की लाकूड दिसायला लागलं. आणि त्याच धडाक्यात तिने जडूबाईचंही कव्हर काढून धुवायला टाकलं.

ही जडूबाई कोण, ते सांगायला हवं. मिरी लहानपणापासून झोपेत लाथा झाडायची, दचकून उठायची. ती चारेक वर्षांची असताना कुणीतरी सांगितलं की अंगावर वजनदार पांघरूण असलं की मुलं शांत झोपतात. त्याच सुमाराला एक्स-रे विभागातला एक अ‍ॅप्रन बाद झाला. किरणांपासून वाचायला अंगावर घालतात तो, आत शिशाचा थर असलेला, जाड आणि जड. आतून चिरला होता म्हणून टाकून द्यायचा होता. याला वाटलं, एवढी चांगली वस्तू फेकायची कशाला? घरी आणली. बायकोने फुलाफुलांचं कव्हर शिवलं. पहिल्याच रात्री पोर अशी झोपली की सकाळी दोघांनी वाकून तिचा श्वास बघितला. मिरीनेच त्याचं नाव जडूबाई ठेवलं. तिचा एक कोपरा तोंडात धरल्याशिवाय तिला झोप येईना. बाप पुढे वर्षभर चारचौघांत ही हकिकत सांगत मिरवत होता.

ऐकणाऱ्याने इथे कपाळावर हात मारून घेतला असेल. रोज शिसं अंगावर चढवून काम करणारा माणूस, घरात शिसं शोधत भिंती खरवडत होता, नळ बदलायला निघाला होता, बायकोच्या कुंचल्यांना फाशी देऊन मोकळा झाला होता, आणि पोरीच्या अंगावर रोज तेच शिसं स्वतः नीट सारखं करून घालत होता. बरं, माणूस मूर्ख नव्हता. दुष्ट तर मुळीच नव्हता. पण त्याच्या लेखी शिसं म्हणजे कवच. ज्याने इतकी वर्षं आपल्याला वाचवलं, त्याच्यावर कोण संशय घेतो?

तर ते कव्हर धुतलं. एकदा धुऊन बायकोचं समाधान होईना, दोनदा धुतलं, मग त्याचे रंग उतरले आणि शिवण उसवली. नवीन शिवीन म्हणाली, पण रोजच्या घासण्यापुसण्यात ते राहून गेलं. मिरीला जडूबाईशिवाय चैन पडत नव्हती. शाळा बंद असल्यामुळे आता ती दुपारीही तिला ओढून घेऊन पडायची. कव्हराशिवाय, तशीच उघडी.

महिन्याभराने पुन्हा रक्त तपासलं. बाईंनी अहवाल वाचला, मग पुन्हा वाचला.

"वाढलंय," त्या म्हणाल्या.

"वाढलं कसं?" तो जवळजवळ ओरडला. "रंग गेले! घर धुऊन काढलं!"

"म्हणजे ते रंग नव्हते. किंवा नुसते रंग नव्हते." बाईंनी बायकोकडे पाहिलं. तिचे हात सोलवटले होते. "तुम्ही नमुना आणला होता का?"

बायको नवऱ्याकडे बघत राहिली. तो खिडकीबाहेर बघत होता.

"असं वाढत राहिलं तर तिला दाखल करावं लागेल," बाई म्हणाल्या. "झटके येऊ शकतात. डोक्यापर्यंत जाऊ शकतं. घरात काहीतरी आहे, आणि ती त्याच्या अगदी जवळ आहे. पुन्हा शोधा. कृपा करून आजच शोधा."

बायको मिरीला घेऊन घरी गेली. त्याची ड्यूटी होती. आज सुट्टी घे, असं कुणीही म्हणालं असतं, पण घरी जाऊन बायकोच्या हातांकडे बघायची त्याची छाती होत नव्हती. त्या दिवशी विभागात अ‍ॅप्रनची तपासणी होती. ती वर्षातून एकदा होते. सगळे अ‍ॅप्रन एकेक करून मशीनखाली आडवे पसरायचे आणि त्यांचाच एक्स-रे बघायचा. धड असेल तर पडद्यावर एकसारखा पांढरा दिसतो. चिरला असेल तर पांढऱ्यात काळ्या भेगा दिसतात. मग त्याला 'बाद' अशी चिठ्ठी लावायची.

तिसरा की चौथा अ‍ॅप्रन चिरलेला निघाला. त्याने चिठ्ठी लावली, अ‍ॅप्रन उचलून बाजूला ठेवला, आणि पुढच्या पेशंटला त्याच टेबलावर झोपायचं म्हणून ओलं फडकं घेऊन टेबल पुसलं. हेही नेहमीचंच. फडकं नेहमीसारखं करडं झालं. ते त्याने बादलीत टाकलं, बेसिनपाशी गेला, साबण घेतला. चिरलेल्या अ‍ॅप्रनला हात लावला की हात साबणाने दोनदा धुवायचे. शिकत असताना पहिल्याच महिन्यात सांगितलं होतं. का? भुकटी सुटते म्हणून. कसली भुकटी?

त्याचे हात साबणासकट तसेच थांबले.

नळ वाहत होता. त्याने वळून बादलीतल्या फडक्याकडे पाहिलं. माहीत नव्हतं असं नव्हतंच. दर वर्षी टेबल पुसताना, हात धुताना त्याच्या हातांना ते ठाऊक होतं. स्वतःचे हात त्याने दर वेळी धुतले होते. पोरीला मात्र त्याच भुकटीत गुंडाळून, वर गालगुच्चा घेऊन झोपवलं होतं.

जोडीदार आत आला. "काय रे, बरं नाही का?"

"मी घरी चाललोय," तो म्हणाला आणि हातावर साबण तसाच घेऊन खालच्या मजल्यावर धावला.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "तिच्या अंगावर?" त्यांनी एवढंच विचारलं. त्याने होकारार्थी मान हलवली. मग त्या भानावर आल्या. "हातमोजे न्या. मोठी पिशवी न्या. झटकू नका, घडी घालू नका, सरळ पिशवीत. आणि तिला घेऊन परत या, आज. जागा ठेवते."

घराचा जिना तो कसा चढला ते त्याला आठवत नाही. दार उघडंच होतं. बायको गॅलरीत खिडकीची चौकट घासत होती, संपलेली चौकट पुन्हा घासत होती. आतल्या खोलीत मिरी पलंगावर पडली होती. अंगावर उघडी जडूबाई, गळ्यापर्यंत ओढलेली, आणि तिची कड तोंडात. कड चघळून चघळून फाटली होती. आतलं करडं दिसत होतं. तिच्या खालच्या ओठावरही करडं होतं.

त्याने हातमोजे घातले की नाही कोण जाणे. त्याने जडूबाई ओढली.

"माझी जडूबाई!" मिरी किंचाळली आणि दोन्ही हातांनी लटकली.

"सोड! सोड म्हणतो ना!"

त्या ओरडण्याने बायको ब्रश हातात घेऊनच धावत आली. "काय झालं? तिला का ओढतोयस?"

तोवर अ‍ॅप्रन पिशवीत गेला होता. तो जमिनीवर बसला होता, पिशवीचं तोंड दोन्ही मुठींत आवळून. मिरी पलंगावर हमसून हमसून रडत होती.

"तुझे रंग नव्हते," तो म्हणाला. "हे आहे. यात शिसं असतं. मी आणलं. मला माहीत होतं."

बायकोला कळायला थोडा वेळ लागला. तिने पिशवीकडे पाहिलं, मिरीच्या तोंडाकडे पाहिलं, मग स्वतःच्या हातातल्या ब्रशकडे. तिने तो हळूच खाली ठेवला.

"कव्हर मी काढलं," ती म्हणाली. "मीच काढलं ना ते. म्हणून वाढलं."

"तू नाही. मी धुवायला लावलं."

"हो," ती म्हणाली. "तूच लावलंस."

ती रागावली असती, तिने पिशवी त्याच्या अंगावर फेकली असती, तर त्याला बरं वाटलं असतं. ती कपाटाला पाठ टेकून खाली बसली. सोलवटलेले हात तिने मांडीवर उलटे ठेवले, आणि अगदी साध्या आवाजात बोलली.

"मी तिला समोर बसवून सांगितलं होतं. माझी चूक झाली म्हणून. तू दारात उभा होतास. आता तू सांग तिला."

"आत्ता? आधी इस्पितळात जायचंय, बाई थांबल्यात..."

"जाऊ. आधी सांग. ती अजून समजते आहे की आईने केलं."

तो गुडघ्यांवरच पलंगापाशी सरकला. जगातला कुठलाही माणूस समोर असता तर त्याने शब्द शोधले असते. ओठाला करडं लागलेली, नाक वाहणारी, वयाच्या मानाने एवढीशी ती पोर समोर होती, म्हणून त्याने सरळ सांगून टाकलं.

"मिरी, माझ्याकडे बघ. तुझ्या हाडांत वाईट गेलं ना, ते आईच्या रंगांतून नाही गेलं. जडूबाईतून गेलं. आणि जडूबाई मी आणली. आईची काही चूक नव्हती. माझी होती."

मिरीचं रडणं थांबलं. तिने बाहीने नाक पुसलं आणि बापाकडे बघितलं. वर्गात कुणी सोपं गणित चुकवलं की ती तसंच बघायची.

"नाही बाबा," ती म्हणाली. "चुकतोयस तू. तूच तर सांगितलंस मला, ही अंगावर असली की वाईट काहीच आत येत नाही. म्हणून तुम्ही इस्पितळात घालता."

"हो, पण ते किरण असतात बाळा, ते वेगळं..."

"आणि आई म्हणाली ना, वाईट माझ्या तोंडातून आत गेलं?" तिला बापाला हे समजावून सांगायची घाई झाली होती. "म्हणून तर मी आता ती तोंडात धरून ठेवते. आधी नुसती झोपताना धरायचे, थोडीशी. आता दिवसभर धरते. थुंकी पण गिळते. म्हणजे पोटात पण ती असेल, आणि मग काहीच आत येणार नाही. मी आता वाढणार आहे."

त्याने तिच्याकडे पाहिलं. तिला शाबासकी हवी होती.

बायको उठली. तिने मिरीला उचलून कडेवर घेतलं. सात वर्षांची पोर, पण अजून सहज कडेवर बसत होती. न्हाणीघरात जाऊन तिने नळ सोडला आणि पोरीचा जबडा धरून आपल्या सोललेल्या बोटांनी तिची जीभ, हिरड्या, गालांची आतली बाजू धुवायला सुरुवात केली. मिरी ओकाऱ्या काढत होती, "आई, नको" म्हणत होती. तो पिशवीची गाठ मारायला बघत होता. गाठ काही केल्या बसेना.